पूर्ण दिवसांच्या बाळाच्या ‘रक्तात इन्फेक्शन’: सीआरपी, कल्चर आणि दहा दिवसांची इंजेक्शनं

बाळाच्या बाबांनी बरंच सविस्तर लिहिलंय. थोडक्यात असं: पहिलं बाळ, ३९ आठवडे पूर्ण, वजन ३ किलो १०० ग्रॅम, नॉर्मल डिलिव्हरी, जन्मल्याबरोबर रडलं. पाणमोट फुटून मात्र जवळजवळ २० तासांनी बाळ बाहेर आलं. दुसऱ्या दिवशी रात्री ते दूध ओढेना, मलूल पडून राहिलं. डॉक्टरांनी एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, घेतलं, ‘रक्तात इन्फेक्शन आहे’ म्हणाले आणि दोन अँटिबायोटिक सुरू केली. सीआरपी (संसर्ग किंवा सूज असली की रक्तात वाढणारं प्रथिन) आधी २.८ आला, दुसऱ्या दिवशी बाहेरच्या लॅबमध्ये ३४. ब्लड कल्चर, म्हणजे रक्तातला जंतू उगवून बघायची तपासणी, निगेटिव्ह. आता पाठीतलं पाणी तपासायचं म्हणतात, इंजेक्शनं दहा दिवस चालतील म्हणतात, शिवाय प्रतिकारशक्तीचं एक महागडं इंजेक्शन आणायला सांगितलंय. घरी आजीचं म्हणणं, सुनेने शेवटच्या महिन्यात फ्रिजचं पाणी प्यायलं त्याचा हा परिणाम.

आधी उत्तर, मग कारणं. बाळाला लक्षणं होती, तेव्हा कल्चर घेऊन लगेच औषध सुरू केलं हे योग्यच झालं. पाठीतलं पाणी तपासू द्या. महागडं इंजेक्शन नको. औषध किती दिवस चालवायचं ते सीआरपीच्या आकड्यावरून ठरवू नये, बाळाकडे बघून ठरवावं. आणि फ्रिजच्या पाण्याचा यात काडीचा संबंध नाही, हे आजींना डॉक्टरांच्याच तोंडून ऐकवा. बाळंतिणीने आधीच स्वतःला दोष देऊन घेतलेला असतो, त्यात भर नको.

नवजात बाळाच्या जंतुसंसर्गाबाबत माझा एक आग्रह आहे. औषध सुरू करायला जेवढी तत्परता दाखवतो, तेवढीच ते थांबवायलाही दाखवावी. आपल्याकडे यातली पहिली निम्मी गोष्ट आता बऱ्यापैकी होते. दुसरीच्या नावाने बोंब आहे.

पूर्ण दिवसांच्या, चांगल्या वजनाच्या बाळाला हे होतंच कसं, असं तुम्ही विचारलंय. ३७ आठवडे पूर्ण झालेल्या बाळाला धोका नक्कीच कमी, पण शून्य नाही. गरोदरपणाच्या शेवटच्या आठवड्यांत आईच्या रक्तातल्या आयजीजी जातीच्या अँटिबॉडी वारेतून बाळाकडे जातात, आणि पूर्ण दिवसांच्या बाळाकडे त्यांचा भरपूर साठा असतो. पण आयजीएम जातीच्या अँटिबॉडी वार ओलांडतच नाहीत. ई. कोलाय, क्लेबसिएला यांसारख्या ग्रॅम-निगेटिव्ह जंतूंशी लढायला नेमक्या त्याच लागतात. शिवाय जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशींचा राखीव साठा नवजात बाळाच्या अस्थिमज्जेत अगदी थोडा असतो. मोठ्या माणसाला जंतुसंसर्ग झाला की पांढऱ्या पेशी वाढतात. तान्ह्या बाळात पुष्कळदा त्या उलट घसरतात, कारण साठा संपलेला असतो. म्हणून रिपोर्टवर ‘डब्ल्यूबीसी कमी’ दिसलं तर आम्ही ‘डब्ल्यूबीसी जास्त’पेक्षा अधिक धास्तावतो.

जंतू आले कुठून? पुस्तकातली विभागणी सोपी आहे. पहिल्या ७२ तासांत दिसणारा संसर्ग आईच्या जननमार्गातून आलेला, त्यानंतरचा दवाखान्यातून किंवा घरातून. पाणमोट फुटून १८ तासांच्या वर गेले, आईला कळांच्या वेळी ताप होता, पाण्याला दुर्गंधी होती, आतून तपासण्या वारंवार झाल्या, कळा फार लांबल्या, की पहिल्या प्रकारचा धोका वाढतो. तुमच्या बाळात २० तास हा मुद्दा आहेच. म्हणून तुमच्या डॉक्टरांचं कान टवकारणं स्वाभाविक होतं.

पण भारतात ही विभागणी तितकीशी टिकत नाही. दिल्लीतल्या तीन मोठ्या सरकारी रुग्णालयांनी २०११ ते २०१४ या काळात, तिथेच जन्मलेल्या आणि एनआयसीयूत दाखल करावं लागलेल्या १३,५३० बाळांचा अभ्यास केला. तो २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात कमी दिवसांची बाळंही होती, हे लक्षात ठेवून वाचायला हवं. दाखल झालेल्यांपैकी १४.३ टक्के बाळांना सेप्सिस, म्हणजे रक्तातला जंतुसंसर्ग, होता आणि त्यातल्या जवळजवळ दोन तृतीयांशांना पहिल्या ७२ तासांतच. सर्वांत जास्त सापडलेला जंतू होता ॲसिनेटोबॅक्टर, मग क्लेबसिएला, मग ई. कोलाय. लवकर आणि उशिरा होणाऱ्या संसर्गात जंतू साधारण सारखेच. ॲसिनेटोबॅक्टर हा काही आईच्या जननमार्गात वस्ती करून राहणारा जंतू नव्हे. तो राहतो सिंकमध्ये, सक्शनच्या बाटलीत, ऑक्सिजनच्या ओलाव्याच्या बाटलीत आणि न धुतलेल्या हातांवर. म्हणजे बाळ जन्मल्या-जन्मल्या, प्रसूतिगृहातच त्याला तो भेटतो. त्यातले ८२ टक्के ॲसिनेटोबॅक्टर अनेक औषधांना दाद न देणारे निघाले.

मी नव्या डॉक्टरांना बाळाआधी लेबर रूम दाखवतो ती यासाठीच. नळाला पाणी आहे का, कोपराने उघडता येतो का, साबण कोरडा आहे का की पाण्यात लिबलिबीत झालाय, बाळाला श्वास द्यायची बॅग आणि मास्क दोन बाळांच्या मध्ये धुतला जातो का, एकच सलाईनची बाटली टोचून तिच्यातून दिवसभर औषधं पातळ केली जातात का. एका बाटलीतून पाच बाळांची इंजेक्शनं बनवणं ही पैसे वाचवायची युक्ती आहे, आणि पाचही बाळांना एकच जंतू वाटायची सोयसुद्धा. नातेवाइकांनी डॉक्टरांची डिग्री विचारण्याआधी हात धुवायची जागा बघावी, असं मी म्हणतो तेव्हा लोकांना गंमत वाटते.

इथे एक फाटा. ज्यांची लेक-सून अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये बाळंत होते, ते विचारतात की तिकडे ‘जीबीएस’ची तपासणी करतात, आपल्याकडे का नाही? ग्रुप बी स्ट्रेप्टोकॉकस हा तिकडच्या पूर्ण दिवसांच्या बाळांमधला मुख्य जंतू. अमेरिकेत ३६-३७ आठवड्यांना प्रत्येक गरोदर बाईची तपासणी होते आणि जंतू सापडला तर कळांच्या वेळी शिरेतून पेनिसिलिन देतात. त्याने पहिल्या आठवड्यातला जीबीएसचा आजार तिथे खूप घटला. ब्रिटनमध्ये सरसकट तपासणी नाही, धोक्याचे मुद्दे असतील तरच औषध. एकाच जंतूबद्दल दोन श्रीमंत देशांचे दोन मार्ग आहेत. आपल्याकडे जीबीएस आहे, पण ग्रॅम-निगेटिव्ह जंतूंच्या मानाने कमी, म्हणून सरसकट तपासणी होत नाही. तिकडे बाळंत झालेल्यांनी एवढं ध्यानात ठेवावं की कळांच्या वेळी घेतलेलं पेनिसिलिन पहिल्या आठवड्यानंतर, तीन महिन्यांपर्यंत होऊ शकणारा जीबीएसचा आजार टाळत नाही. महिन्याचं बाळ तापलं तर ‘आम्ही पेनिसिलिन घेतलं होतं’ म्हणून घरी थांबू नये.

आता लक्षणं. पूर्ण दिवसांच्या बाळात ही इतकी साधी असतात की घरातला अनुभवी माणूससुद्धा ‘झोप लागलीय, उठवू नका’ म्हणतो. सर्वांत आधी बिघडतं ते दूध ओढणं. कालपर्यंत छातीला लागल्यावर चटचट ओढणारं बाळ आज दोन घोट घेऊन सोडून देतं, गाल हलत नाहीत, ओठाच्या कडेने दूध गळतं. मग रडणं बारीक होतं. हातपाय कोपरा-गुडघ्यात मुडपून ठेवणारं बाळ ढिलं पडतं. अंग गरम लागतं किंवा, जास्त वाईट म्हणजे, गार लागतं. पोट फुगतं. श्वास जलद होतो, कण्हल्यासारखा आवाज येतो. पहिल्या २४ तासांत कावीळ दिसणं, फिट येणं, श्वास मध्येच थांबणं ही तर धावत सुटायची लक्षणं.

यात खरा शब्द आहे ‘बदल’. हे मोजून दाखवलं गडचिरोलीने. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९०च्या दशकात ३९ गावांतल्या बायकांना घरी जाऊन नवजात बाळ तपासायला शिकवलं. त्यांच्याकडे ना लॅब होती ना सीआरपी. रडणं आधी ठीक होतं, आता क्षीण झालं का. चोखणं आधी ठीक होतं, आता कमी झालं का. हातपाय आता ढिले पडले का, अशा बदलांवरून त्या सेप्सिस ओळखत. दवाखान्यात न्यायला घरचे तयार नसतील तर जेंटामायसिनचं इंजेक्शन आणि तोंडाने कोट्रायमोक्सॅझोल देत. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या त्यांच्या निबंधात सेप्सिस झालेल्या बाळांमधलं मृत्यूचं प्रमाण १६.६ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर आल्याची नोंद आहे. आज आशाताई बाळाकडे तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी येते त्याचं मूळ तिथे आहे. शहरातल्या शिकल्या-सवरल्या घरांत तिला दारातूनच परत पाठवतात, हे बरं नव्हे.

घरी काय बघायचं? बाळ शांत असताना पोटाकडे बघून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा, १५ सेकंद मोजून चारने गुणू नका. नवजात बाळ मध्येच पाच-सात सेकंद थांबतं आणि मग भराभर घेतं, त्यामुळे गुणाकार फसतो. ६० किंवा जास्त आले तर थोड्या वेळाने पुन्हा मोजा. पुन्हा ६०च्या वर आले तर निघा. काखेत थर्मामीटर ३६.५ ते ३७.५ सेल्सिअस ठीक. तळपाय गार आणि छाती गरम असेल तर बाळाला आईच्या अंगाशी घ्या. छातीही गार लागत असेल तर वाट बघू नका. बोटाने छातीच्या मधल्या हाडावर पाच सेकंद दाबून सोडा. पांढरा पडलेला ठिपका तीन सेकंदांनंतरही गुलाबी होत नसेल तर रक्ताभिसरण मंदावलंय. आम्ही वॉर्डात पहिल्यांदा हेच करतो, रिपोर्ट नंतर येतात.

प्रत्येक मलूल बाळ सेप्सिसचं नसतं, हेही तितकंच खरं. विदर्भात एप्रिल-मेमध्ये तिसऱ्या-चौथ्या दिवशी ताप आलेली, वजन १० टक्क्यांहून जास्त उतरलेली, ओठ सुकलेली बाळं आमच्याकडे रांगेने येतात. दूध अजून नीट उतरलेलं नाही, खोलीत कूलर लावू दिलेला नाही, अंगावर टोपडं, झबलं आणि वरून दुपटं. यांना बहुधा जंतुसंसर्ग झालेला नसतो, पाणी कमी पडलेलं असतं. खोली गार केली आणि दूध पोटात गेलं की काही तासांत ताप उतरतो. पण हे घरी बसून ठरवायचं नाही. सोडियम, साखर, वजन बघूनच. रक्तातली साखर उतरलेलं बाळही अगदी असंच दिसतं, आणि ती तपासायला एक थेंब आणि एक मिनिट लागतं. हिरवी उलटी झाली तर आतड्याला पीळ पडलाय असं धरून सर्जनला बोलवावं. जन्मजात हृदयरोगाची काही बाळं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अचानक ढासळतात, म्हणून मांडीतली नाडी चाचपायची आणि हाता-पायाला ऑक्सिजनचं मशीन लावून बघायचं. अँटिबायोटिक सुरू केलं की ‘निदान झालं’ असं समजून बाकीचा विचार थांबतो, आणि तिथेच घात होतो.

आता तुमच्या सीआरपीबद्दल. २.८ वरून ३४ झाल्यावर घरी हाहाकार झाला असेल. दोन्ही रिपोर्टवरचं एकक बघा. एका लॅबने मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर लिहिलं असेल, दुसरीने मिलिग्रॅम प्रति लिटर. तसं असेल तर २.८ म्हणजे २८, आणि ३४ म्हणजे किंचित वाढ, बारापट नव्हे. हा गोंधळ इतक्या वेळा होतो की मी फोनवर कोणी सीआरपी सांगितला तर आधी एकक विचारतो. सामान्यतः १० मिलिग्रॅम प्रति लिटरच्या वर असला तर वाढलेला धरतात. पण सीआरपी यकृतात बनतो आणि रक्तात चढायला १० ते १२ तास घेतो. आजाराच्या पहिल्या तासात तो नॉर्मल आला म्हणजे संसर्ग नाही असं मुळीच नाही. उलट अवघड प्रसूती झाली, बाळाने पोटात शी केली, श्वास कोंडला, तरीही तो जंतूंशिवाय वाढतो. त्याचा खरा उपयोग ‘संसर्ग नाही’ असं म्हणायला: २४ ते ४८ तासांच्या अंतराने दोनदा नॉर्मल आला आणि बाळ छान आहे, तर सेप्सिस जवळजवळ बाद. ‘सीआरपी शून्य होईपर्यंत इंजेक्शन’ हा आपल्याकडचा रिवाज कुठल्याही शास्त्रात बसत नाही.

‘सेप्सिस स्क्रीन’ म्हणून जे पाच-सहा आकडे छापून येतात, एकूण पांढऱ्या पेशी, न्यूट्रोफिल, कच्च्या पेशींचं प्रमाण, मायक्रो ईएसआर, सीआरपी, त्यांचंही तेच. दोन बिघडले तर संशय वाढतो, एवढंच. पहिल्या दिवशी तर हे आकडे निरोगी बाळातही वर-खाली होतात.

निकाल द्यायचा अधिकार ब्लड कल्चरचा. पण तोही रक्त नीट घेतलं तर. पहिला डोस द्यायच्या आधी, त्वचा स्वच्छ करून ती वाळू देऊन, ताज्या टोचणीतून किमान १ मिलिलिटर. तीन किलोच्या बाळाकडून १ मिलिलिटर घेतल्याने काही बिघडत नाही, पण हात आखडता घेऊन अर्ध्याहून कमी रक्त बाटलीत टाकतात आणि मग ‘कल्चर निगेटिव्ह’ येतं. आधी दुसऱ्या दवाखान्यात दोन डोस पडले असतील किंवा आईला कळांच्या वेळी अँटिबायोटिक मिळालं असेल, तरी जंतू उगवत नाही. म्हणून डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा: रक्त औषधाच्या आधी घेतलं का, किती घेतलं, आणि मशीनवर लावलं की हाताने बघतात. मशीनवर खरा जंतू असेल तर बहुतेक वेळा २४ ते ३६ तासांत घंटी वाजते. या प्रश्नांनी चांगला डॉक्टर रागावत नाही.

यावरूनच थांबायचं गणित येतं. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सने २०१८ मध्ये ३५ आठवड्यांवरच्या बाळांसाठी स्पष्ट सांगितलं: कल्चर ३६ ते ४८ तासांत निगेटिव्ह आणि संसर्गाची दुसरी जागा सापडलेली नाही, तर औषध थांबवा. तिकडे कॅलिफोर्नियातल्या कायझर या रुग्णालय-समूहाने आईचा ताप, पाणमोट फुटून गेलेले तास, बाळाची अवस्था असं सगळं घालून धोका मोजणारं कॅल्क्युलेटर बनवलं. ते वापरल्यावर पहिल्या २४ तासांत अँटिबायोटिक मिळणाऱ्या बाळांचं प्रमाण ५ टक्क्यांवरून २.६ टक्क्यांवर आलं आणि संसर्ग निसटल्याने होणारं नुकसान वाढलं नाही. आपल्याकडे ते जसंच्या तसं वापरू नये, कारण त्याचा हिशेब तिकडच्या आकडेवारीवर आणि तिकडच्या जंतूंवर उभा आहे. त्यातली एक गोष्ट मात्र उचलावी: धोक्याचा मुद्दा आहे पण बाळ ठणठणीत आहे, तर त्याला दर तीन-चार तासांनी तपासत आईजवळ ठेवा, सरसकट सुई लावू नका.

तुमचं बाळ ठणठणीत नव्हतं. दूध सोडलं होतं, मलूल होतं, सीआरपी वाढता होता. म्हणून ४८ तासांनी सरळ बंद, असं मी म्हणणार नाही. कल्चर निगेटिव्ह पण लक्षणं खरी आणि बाळ औषधाने सुधारतंय, तर ५ ते ७ दिवस पुरतात. कल्चरमध्ये जंतू आला तर १० ते १४ दिवस. पाठीच्या पाण्यात मेंदूज्वर निघाला तर जीबीएससाठी १४ आणि ग्रॅम-निगेटिव्हसाठी किमान २१ दिवस. म्हणूनच ते पाणी तपासायचं. त्याच्यावर औषधाचा डोस, जात आणि दिवस तिन्ही अवलंबून आहेत. मेंदूज्वर झालेल्या दर तीन-चार नवजात बाळांपैकी एकाचं ब्लड कल्चर निगेटिव्हच असतं, त्यामुळे ‘रक्तात काही नाही, मग पाठीत कशाला’ हा युक्तिवाद चालत नाही. पाठीत सुई टोचली की पाय लुळे पडतात ही भीती मी रोज ऐकतो. बाळाचा मज्जारज्जू जिथे संपतो त्याच्या खाली, कमरेच्या मणक्यांत सुई जाते. तिथे फक्त पाणी आणि त्यात तरंगणारे नसांचे धागे असतात. बाळ फार अत्यवस्थ असेल किंवा प्लेटलेट फार उतरल्या असतील तर आम्ही स्वतःच एक-दोन दिवस थांबतो.

औषधं कुठली? साधारण ॲम्पिसिलिन आणि जेंटामायसिन किंवा ॲमिकासिन यांनी सुरुवात होते. पण प्रत्येक एनआयसीयूत गेल्या वर्षभरात कुठले जंतू उगवले आणि ते कशाला दाद देतात याचा तक्ता भिंतीवर हवा. तो नसतो, म्हणून पहिल्याच तासात मेरोपेनेमसारखं राखीव ठेवायचं भारी औषध लावायची खोड लागते. मग क्लेबसिएला मेरोपेनेमलाही जुमानेनासा होतो आणि कोलिस्टिन हे शेवटचं अस्त्र काढावं लागतं. तुमच्या बाळाला साध्या औषधाने फरक पडला असेल तर ‘अजून भारी’ औषधाचा आग्रह तुम्हीही धरू नका. असा आग्रह नातेवाइकांकडूनच फार येतो.

आणि ते महागडं इंजेक्शन म्हणजे शिरेतून द्यायचं इम्युनोग्लोब्युलिन. ऐकायला पटतं: प्रतिकारशक्ती कमी आहे, बाहेरून देऊ. नऊ देशांतल्या ३,४९३ बाळांवर हे तपासून झालंय, निकाल २०११ मध्ये आला. इंजेक्शन दिलेल्या आणि न दिलेल्या दोन्ही गटांत मृत्यू किंवा मोठं अपंगत्व सारखंच, ३९ टक्के. गंभीर बाळं होती ती, म्हणून आकडा मोठा आहे, तुमच्या बाळाला तो लावू नका. पण फरक शून्य. त्यासाठी सोनं गहाण टाकू नका. तो पैसा आईच्या राहण्या-जेवणाला लागेल. सरकारी एसएनसीयूत (आजारी नवजात बाळांच्या विशेष कक्षात) तर जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली आजारी नवजात बाळाचे उपचार मोफत आहेत आणि १०२ची गाडीही.

औषधाइतकंच काम बाकीची काळजी करते: ऊब, साखर, ऑक्सिजन, आणि आईचं दूध. बाळ पेटीत आहे म्हणून दूध थांबवायचं नसतं. ओढता येत नसेल तर आईने दर दोन-तीन तासांनी हात धुऊन दूध पिळून काढावं. ते नळीने, वाटी-चमच्याने किंवा आजीच्या बोंडल्याने देता येतं. बोंडलं उकळलेलं हवं, बाटली नको. पिवळा चीक तर एक थेंबही फेकू नये, त्यात बाळाकडे नसलेल्या बचावाच्या अँटिबॉडी आहेत. डॉक्टर ‘आई आत नको’ म्हणत असतील तर विनंती करा. हात धुतलेली आई एनआयसीयूला धोका नसते.

घरी गेल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात होणारा संसर्ग बहुतांशी आपल्याच हातचा असतो. नवजात मुलाची किंवा मुलीची छाती आईच्या संप्रेरकांमुळे फुगते, ती आपोआप ओसरते. मालिशवाली बाई ती पिळून ‘दूध काढते’, तिथे गळू होतं आणि स्टॅफिलोकॉकस रक्तात शिरतो. अशी लालबुंद छाती घेऊन आलेली बाळं मी आजही बघतो. बेंबीला हळद, राख, तेल, कुंकू काही लावू नका, नाळ कोरडी ठेवा. बेंबीभोवतीची कातडी लाल होऊन लाली पोटावर पसरू लागली तर त्याच दिवशी दाखवा. नाकात-कानात तेल नको. बाराव्या दिवशी बारशाला कान टोचायची हौस असेल तर ती थोडी पुढे ढकला. मध आणि गुटी चाटवू नका. पोट फुगलं म्हणून मेळघाटात तापल्या विळ्याचे चटके देतात, त्याला डंबा म्हणतात. त्या बाळाचं पोट पुष्कळदा सेप्सिसनेच फुगलेलं असतं, आणि चटक्याच्या जखमेतून आणखी जंतू आत जातात.

एक लक्षण हमखास निसटतं. कपडे बदलताना बाळ एक पाय किंवा हात हलवत नाही, हलवला की किंचाळतं. घरचे म्हणतात मालिशमध्ये लचकला. रक्तातला जंतू सांध्यात जाऊन बसलेला असतो. खुब्यात पू झाला आणि दोन-चार दिवस गेले तर तो सांधा जन्मभरासाठी अधू होऊ शकतो. लचक समजून शेकत बसू नका, सोनोग्राफी करून घ्या.

तुमच्या बाळाला घरी सोडताना तीन गोष्टी कागदावर लिहून घ्या: कल्चरचा अंतिम रिपोर्ट, कुठली अँटिबायोटिक किती दिवस दिली, आणि पाठीच्या पाण्याचा निकाल. जेंटामायसिन-ॲमिकासिन मिळालेल्या आणि एनआयसीयूत राहिलेल्या बाळाची कानाची तपासणी पहिल्या महिन्यात करून घ्यावी, मेंदूज्वर झाला असेल तर डोक्याचा घेर आणि वाढ दर भेटीत मोजावी. बीसीजी, पोलिओ, हेपॅटायटिस बीचे जन्मवेळचे डोस राहिले असतील तर घरी सोडण्याआधीच देऊन घ्या, ‘आजारी होतं म्हणून नंतर’ असं करता-करता ते राहूनच जातात. दोन-तीन दिवसांनी वजनाला या. पुढच्या बाळंतपणात याच धोक्याची पुनरावृत्ती होईलच असं नाही, पण पाणमोट फुटून बाळाला ताप-संसर्ग झाला होता हे तेव्हाच्या डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा, आणि अंगावरून पाणी गेलं की कळांची वाट न बघता दवाखाना गाठा.